दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली, आता ही तिसरी कशाला?

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीवाले. माझी आई ५८ वर्षांची आहे. तिला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दिवाळीपासून मधूनमधून जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत जाते आणि तास-दोन तासांनी उतरते. जानेवारीत दुर्बिणीने पोट तपासलं, थोडी सूज सोडून काही निघालं नाही. आता पंधरा दिवसांत दोनदा कळ आली, डोळे किंचित पिवळे झाले. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, २.४ आलं. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत बारीक खडे आहेत आणि पित्ताची नळी ९ मिलिमीटर फुगलेली आहे. नळीचं खालचं टोक ‘गॅसमुळे दिसलं नाही’ असं लिहिलंय. जळगावचे सर्जन म्हणतात, आधी एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड करून या, मग पिशवी काढू. पाहुण्यांनी नाशिकला रिपोर्ट दाखवले, तिथले डॉक्टर म्हणतात, सरळ ईआरसीपी करून, म्हणजे दुर्बिणीतूनच, नळी साफ करा. मेहुणे म्हणतात, एमआरआय करा. आम्ही कोणाचं ऐकायचं? ही तिसरी तपासणी म्हणजे पैसे काढायचं काम तर नाही ना? आणि खरं सांगा, डॉक्टर कॅन्सरचं काही लपवत तर नाहीत? आई एकच म्हणते, कानबाईचा सण होऊ द्या, मग बघू.

– एक मुलगा, चोपडा तालुका

उत्तर

भाऊ, आईच्या म्हणण्यापासून सुरुवात करते. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल, हे नाही. आईला थंडी वाजून ताप आला, कावीळ वाढली, किंवा कळ आली आणि उतरलीच नाही, तर कानबाई, नाशिक, जळगाव, मेहुणे, सगळं बाजूला ठेवा आणि त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. अडलेल्या पित्तात जंतू वाढले की ते रक्तात उतरतात, आणि शुगरच्या पेशंटला फार लवकर आडवं करतात. अशा वेळी तपासण्या करत बसायचं नसतं, नळी मोकळी करायची असते. तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरेल.

ताप नसेल तर मात्र मला जळगावच्या सर्जनचं पटतं. मी स्वतः ही तपासणी करत नाही, करायला पाठवते. म्हणजे निदान माझ्यावर तरी पैसे काढायचा संशय घेऊ नका.

आता ‘गॅसमुळे दिसलं नाही’ या वाक्याकडे या. पुष्कळ लोकांना ते वाचून वाटतं, सोनोग्राफी नीट केली नाही, दुसरीकडे परत करू. तसं नाही. उलट जे दिसलं नाही ते दिसलं नाही असं लिहिणारा डॉक्टर प्रामाणिक समजा. सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरी, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या. त्या पाण्यातून, मांसातून छान जातात, पण हवा आली की भिंतीवर आपटल्यासारख्या माघारी फिरतात. पोटाला तो थंड, चिकट जेल लावतात ना, तो चामडी आणि मशीन यांच्यामध्ये हवेची फट राहू नये म्हणूनच. बाहेरची फट जेलने बुजते. आतड्यातल्या हवेला कुठून जेल लावणार?

आणि नेमकी अडचणीची जागा आतड्याच्या मागेच आहे. तुमच्याकडे केळीला ठिबक असणार, त्यावरूनच सांगते. लिव्हर म्हणजे तुमची पाण्याची टाकी, तिथे पित्त तयार होतं. तिथून खाली येणारी मोठी नळी म्हणजे सबमेन. पित्ताची पिशवी ही बाजूला जोडलेली खताची टाकी. तेलातुपाचं खाल्लं की ती आवळते आणि घट्ट पित्त नळीत सोडते. म्हणून आईला कळ जेवणानंतर येते. ही सबमेन लहान आतड्याच्या पहिल्या वळणामागून उतरते, स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते, शेवटी तिला स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते आणि दोघी मिळून एका बारीकशा स्नायूच्या वॉल्व्हमधून आतड्यात उघडतात. आता तुम्हीच सांगा, ठिबकच्या नळीत कचरा आला तर साचतो कुठे? शेवटच्या टोकाला, एंड कॅपपाशी. पिशवीतून निसटलेला खडाही बहुतेक वेळा तिथेच जाऊन बसतो. सोनोग्राफी नळीचा वरचा भाग बघते, ती फुगलीय एवढं सांगते. साधारण ६ मिलिमीटरपर्यंतची नळी आपण नेहमीची धरतो, आईची ९ आहे. म्हणजे खाली काहीतरी अडलंय, किंवा अडून गेलंय. काय अडलंय, ते त्या हवेच्या पडद्यामागे राहतं.

मग जानेवारीतल्या दुर्बिणीने का नाही कळलं? या प्रश्नावर माझ्या ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी भांडण होतं. ‘मॅडम, कॅमेरा आत गेला होता, मग खडा कसा नाही दिसला?’ कॅमेऱ्याला जठराची आणि आतड्याची आतली बाजू दिसते, भिंतीपलीकडचं दिसत नाही. घरात उभं राहून भिंतीचा रंग बघितला, तर बाहेर पलीकडून जाणारा पाइप फुटलाय का, हे कसं कळणार? जानेवारीचा रिपोर्ट चुकीचा नव्हता, त्याला वेगळा प्रश्न विचारलेला होता.

एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये, डॉक्टर लोक ज्याला ईयूएस म्हणतात त्यात, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आहेत. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं इवलंसं मशीन बसवलेलं असतं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आणि जर्मनीत हा प्रयोग सुरू झाला. पोटावरून स्वादुपिंड नीट दिसत नाही, ही त्यामागची मोठी अडचण होती. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून बसलेलं असतं. पुढून बघायचं तर चरबी आणि हवा यांच्या पलीकडे. पण जठराच्या आतून बघायचं तर मध्ये फक्त जठराची भिंत.

जवळ गेल्याचा आणखी एक फायदा असा की बारीक लहरी वापरता येतात. पोटावरच्या सोनोग्राफीत साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी लागतात, कारण त्यांना खोल जायचं असतं. ईयूएसमध्ये ५ ते १२ मेगाहर्ट्झच्या चालतात. जितकी लहर बारीक तितकं चित्र स्पष्ट, पण तितकी ती कमी खोल जाते. आतून बघताना खोल जायची गरजच नसते. टोकाशी कुठे हवेची फट राहिलीच तर पाण्याचा छोटा फुगा फुगवतात किंवा तिथे पाणी सोडतात. जेलचंच काम, पाण्याने केलेलं.

केळीवाल्याच्या घरात तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. केळीचा खांब आडवा कापला की पदरामागून पदर दिसतात ना, तशी जठराची आणि आतड्याची भिंत ईयूएसमध्ये पाच पदरांची दिसते: एक पांढरा, एक काळा, पुन्हा पांढरा, पुन्हा काळा आणि बाहेरचा पांढरा. नुसत्या दुर्बिणीत एखादा उंचवटा दिसला, वरची कातडी गुळगुळीत, तुकडा घेतला तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’, तर तो उंचवटा कोणत्या पदरातून आलाय हे ईयूएस सांगतं. तिसऱ्या, पांढऱ्या पदरात पांढरीशुभ्र गाठ असेल तर ती बहुतेक वेळा चरबीची निघते, तिला हात लावायची गरज नसते. चौथ्या, स्नायूच्या पदरातली काळसर गाठ असेल तर ती जिस्ट नावाची असू शकते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं किंवा ती काढावी लागते. अन्ननलिकेचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर किती पदर ओलांडून गेलाय, हेही असंच मोजतात, आणि आधी ऑपरेशन की आधी किमो हे ठरवायला ते उपयोगी पडतं. आईच्या बाबतीत यातलं काही नाही. पण गावात कोणाला हीच तपासणी सांगितली आणि त्याचा आजार वेगळाच निघाला, तर गोंधळू नका.

आता मूळ वाद, ईयूएस की थेट ईआरसीपी.

एक गोष्ट घरात सगळ्यांना नीट समजावून सांगा. ईयूएस ही बघायची गोष्ट आहे, ईआरसीपी ही करायची. ईआरसीपीत दुर्बीण त्या वॉल्व्हपर्यंत नेतात, त्यातून तार घालतात, रंग सोडून एक्स-रेवर नळी बघतात, वॉल्व्हला छोटा छेद देतात आणि खडा ओढून काढतात. एंड कॅप उघडून लाइन फ्लश करण्यासारखं. खडा असेल तर याच्यासारखा उपाय नाही, पोट न फाडता काम होतं. पण त्याच दाराशी स्वादुपिंडाचीही नळी आहे, ती डिवचली जाऊ शकते. ईआरसीपीनंतर १०० पैकी साधारण ३ ते १० जणांना स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची चार दिवसांत उतरते, थोड्यांची फार वाईट होते. खडा असताना ही जोखीम घ्यावी लागते. खडा नसताना कोणी घ्यावी?

आणि खडा नसू शकतो, हेच बऱ्याच जणांना पटत नाही. ४–५ मिलिमीटरचे खडे आपोआप आतड्यात पडून जातात. कळ येते, डोळे पिवळे होतात, खडा निसटतो, कळ उतरते. सोनोग्राफी सोमवारची असेल आणि ईआरसीपी पुढच्या गुरुवारची, तर मधल्या काळात नळी रिकामी झालेली असू शकते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे सख्खे काका, शिरपूरकडचे, कळ आली म्हणून एका दवाखान्यात दाखल झाले. नळी फुगलेली, कावीळ थोडी. दुसऱ्या दिवशी थेट ईआरसीपी. नळीत काहीच निघालं नाही. संध्याकाळपासून मात्र पोट असं दुखायला लागलं की माणूस पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडला. स्वादुपिंडाची सूज. नऊ दिवस सलाइनवर. घरी आल्यावर ‘आता पिशवीला हात लावू देणार नाही’ म्हणाले, आणि आम्हीही त्या वेळी फार ताणलं नाही. ती आमची चूक. दोन वर्षांनी तेच, कळ आणि पिवळे डोळे. या वेळी आधी ईयूएस करायचं ठरलं. मी खोलीत उभी होते. पडद्यावर सगळं राखाडी, त्यात काळी पट्टी, म्हणजे पित्ताची नळी. डॉक्टर दुर्बीण थोडी मागे घेत, थोडी फिरवत त्या पट्टीचा माग काढत खाली आले आणि अगदी तळाशी थांबले. तिथे एक पांढरा कण, आणि त्याच्यामागे शेपटीसारखी काळी सावली. सावली महत्त्वाची. खड्यातून लहर पलीकडे जात नाही, म्हणून मागे काळोख पडतो. ४ मिलिमीटरचा खडा. तिथेच, त्याच भुलीत ईआरसीपी करून तो काढला, आणि आठवड्याने पिशवी.

शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मन्हा पोटमा काय शे?’ (माझ्या पोटात काय आहे?) मी सगळं समजावलं. मान डोलावली. दहा मिनिटांनी पुन्हा, ‘मन्हा पोटमा काय शे?’ चार वेळा सांगितलं. भुलीच्या औषधाने तेवढ्या वेळची आठवण पुसली जाते. म्हणून आईच्या वेळी डॉक्टर काय सांगतात ते ऐकायला तुम्ही स्वतः आत जा. आईने ऐकलंय यावर विसंबू नका.

तुमच्या आईचं काय? नळी ९ मिलिमीटर, बिलिरुबिन २.४, वय ५५ च्या वर, पण खडा प्रत्यक्ष दिसलेला नाही आणि ताप नाही. आम्ही याला मधला धोका म्हणतो. बिलिरुबिन ४ च्या वर गेलं आणि नळीही फुगलेली असली, किंवा सोनोग्राफीतच नळीत खडा दिसला, तर थेट ईआरसीपी करणं रास्त. मधल्या गटात आधी बघून घ्यायचं. नाशिकच्या डॉक्टरांनी सगळे आकडे बघितले होते की नुसती सोनोग्राफी, ते पाहुण्यांना विचारा. बऱ्याचदा आपण व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचं एकच पान पाठवतो.

मेहुण्यांची सूचनाही टाकाऊ नाही. ते म्हणतात तो एमआरआय म्हणजे एमआरसीपी. पित्ताच्या नळ्यांचा फोटो, आत काही न घालता. नळीतला खडा शोधण्यात दोन्ही तपासण्या जवळपास सारख्या आहेत. खडा असलेल्या १०० जणांत ईयूएस साधारण ९५ जणांचा पकडतं, एमआरसीपी ९३ जणांचा. फरक पडतो तो बारीक, ५ मिलिमीटरच्या आतल्या खड्यांत आणि पित्ताच्या गाळात. तिथे ईयूएस सरस. आईच्या पिशवीत खडे बारीकच आहेत, म्हणून माझा कल ईयूएसकडे. दुसरं असं की खडा दिसला तर त्याच भुलीत पुढचं काम होतं, दोनदा उपाशी राहणं नाही, दोनदा गाडी करणं नाही. पण कोणाला भूल झेपत नसेल, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास जास्त असेल, किंवा पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये जठराची रचना बदलली असेल, तर एमआरसीपीच करावं. पेसमेकर असेल किंवा एमआरआयच्या बोगद्यात घुसमटत असेल तर उलट. आईला यातलं काही असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

आता तो प्रश्न, जो तुम्ही शेवटी लिहिलात पण मनात पहिला असणार. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत कॅन्सरकडे बोट दाखवणारं फार काही नाही. कळ येऊन जाणं, पिशवीत खडे, कावीळ थोडी आणि कमीजास्त होणारी, हे सगळं खड्याचं वागणं आहे. मला जास्त धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या काविळीची: पोट दुखत नाही, पण डोळे दिवसेंदिवस पिवळे, अंगाला खाज, शौच मातकट पांढरं, लघवी चहासारखी, वजन उतरतंय, आणि पूर्वी नसलेली शुगर अचानक लागलीय. अशा माणसाच्या स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ नाही ना, हे बघावंच लागतं. आईची शुगर किती वर्षांची आहे आणि वजन किती उतरलंय, हे दोन आकडे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

आणि समजा गाठ निघालीच, तर तिथेही ईयूएस कामी येतं. २ सेंटिमीटरच्या आतली स्वादुपिंडाची गाठ सीटी स्कॅनला चुकू शकते, ईयूएसला सहसा चुकत नाही. १९९० च्या दशकापासून याच दुर्बिणीतून सुई घालून गाठीतले कण घेता येतात. सुई साधारण २२ गेजची, म्हणजे पाऊण मिलिमीटरही जाड नाही. ‘सुई मारली की कॅन्सर पसरतो’ ही भीती मी चोपड्यापासून नवापूरपर्यंत सगळीकडे ऐकली आहे. असं पसरणं फारच विरळा आहे. शिवाय स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या गाठीला सुई आतड्यातून जाते आणि ऑपरेशन झालंच तर आतड्याचा तोच तुकडा गाठीबरोबर काढला जातो. आपल्याकडे या सुईचा एक मोठा उपयोग असा की पोटातल्या किंवा छातीतल्या गाठी कॅन्सरच्या वाटतात आणि टीबीच्या निघतात. काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा आजार, आणि घरात मात्र रडारड झालेली. सुईशिवाय ते ठरवणं अवघड.

हीच तपासणी उपचारालाही वापरतात. स्वादुपिंडाच्या सुजेनंतर पोटात पाण्याची मोठी गाठ साचली तर जठरातून वाट करून तिचा निचरा करतात. पूर्वी त्यासाठी पोट उघडावं लागे.

तिच्या मर्यादाही सांगते. लिव्हरचा उजवा कोपरा ईयूएसला नीट दिसत नाही. लहान आतड्याच्या खोल वेटोळ्यांत ती जातच नाही. आणि ही तपासणी यंत्रापेक्षा हातावर जास्त अवलंबून आहे. नुसता रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर त्याला पडद्यावर काय दिसलं ते परत बघता येत नाही, जसं सीटीच्या सीडीवर बघता येतं. म्हणून दवाखाना किती चकचकीत आहे त्यापेक्षा हे काम करणारे डॉक्टर ते नेहमी करतात का, आणि खडा दिसला तर तिथेच ईआरसीपी होईल का, हे आधी फोनवर विचारून घ्या. खर्च विचारताना तुकडे पाडून विचारा: ईयूएसचे किती, भुलीचे किती, सुई लागली तर तिचे वेगळे किती, कण तपासायचे किती, ईआरसीपी झाली तर किती, नळी उघडी ठेवायला आत स्टेंट (बारीक नळकांडी) टाकला तर किती. सुई एकदाच वापरायची असते, तिने बिल उडी मारतं, आणि तेव्हाच घरचे लोक डॉक्टरवर संशय घेतात. आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर दाखल होण्याआधीच त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

तयारी फार नाही. सहा ते आठ तास पोट रिकामं हवं. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते दवाखाना सांगेल, बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. चहा मात्र पाणी नाही. आपल्याकडे ‘उपाशी आहे, फक्त चहा घेतला’ म्हणणारे इतके येतात की मी आता ‘चहाही नाही’ असं कागदावर ठळक लिहून देते. दुधाचा चहा म्हणजे जेवणच. शुगरच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या की नाही हे विचारून ठेवा, नाहीतर उपाशीपोटी गोळी घेतली जाते, शुगर उतरते आणि गाडीतच घाम फुटतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, आणि सांगायलाही विसरू नका. सुई लागणार असेल तर काही गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. दात हलत असतील, कवळी असेल, तर सांगा.

आत नेल्यावर डाव्या कुशीवर निजवतात, दातांमध्ये प्लास्टिकचा तुकडा देतात, शिरेतून औषध देतात. ही दुर्बीण जानेवारीच्या दुर्बिणीपेक्षा थोडी जाड असते, म्हणून गुंगी जरा जास्त लागते. नुसतं बघायचं असेल तर अर्ध्या तासाच्या आत होतं. नंतर घसा एक-दोन दिवस खवखवतो. आतड्याला छिद्र पडणं, रक्त येणं हे क्वचित, हजारांत एखाद्याला, सुई मारली तर थोडं जास्त. घरी आल्यावर पोट सतत दुखत राहिलं, ताप आला, काळं शौच झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्या दिवशी आईला एकटीला बसने परत आणू नका, आणि सह्या-व्यवहार दुसऱ्या दिवशी.

एका गोष्टीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण डोळे पिवळे झाले की ती होतेच, म्हणून विचारते. गळ्यात काविळीची माळ घातली का? वनस्पतीच्या काड्या दोऱ्यात गुंफलेल्या असतात, वाळल्या की आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांब होत जाते. लोक म्हणतात, कावीळ उतरतेय. हातावर चुन्याचं पाणी ओतून पिवळं पाणी काढतात, तिथे आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो. लिव्हरच्या सुजेची बरीचशी कावीळ आपोआप उतरते, म्हणून माळेला श्रेय मिळतं. अडलेल्या खड्याची कावीळ माळ बघत नाही. माळ घातलीच असेल तर राहू द्या, आईशी त्यावरून भांडू नका. फक्त तिच्यावर दिवस घालवू नका. जडीबुटीचा काढा मात्र बंद. लिव्हरवर आधीच ओझं आहे.

पिशवीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. नळी साफ झाली म्हणजे काम संपलं असं समजून पुष्कळ लोक घरी जातात. खडे बनवणारी टाकी जागेवरच असते. काकांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. नळी मोकळी झाल्यावर शक्यतो त्याच मुक्कामात, नाहीतर एक-दोन आठवड्यांत पिशवी काढून घ्या. खडा वितळवायच्या गोळ्यांवर वर्ष घालवू नका.

राहिली कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी विसर्जन, आणि प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच संपवायचे, हे मला नव्याने सांगायला नको, माझ्या सासरी आम्हीही तेच करतो. आईला काय वाटत असेल तेही कळतं: घरातली मोठी बाई त्या दिवशी दवाखान्यात असेल तर वर्षभर चुटपुट लागते. पण अजून दिवस आहेत. या आठवड्यात ईयूएस झालं आणि खडा निघाला, तर पिशवीचं ऑपरेशन धरूनही रोट भाजायच्या वेळी आई घरात बसलेली असेल. चुलीपुढे नाही, खुर्चीवर, आणि सुनेला ‘असं नाही, तसं’ म्हणत. हे तिला असंच सांगून बघा. उद्या सकाळी बिलिरुबिन, लिव्हरच्या बाकीच्या तपासण्या आणि रक्ताचा काउंट पुन्हा करा, कारण पत्रातले आकडे आता जुने झाले. बिलिरुबिन चढलेलं असेल तर जळगावच्या सर्जनला फोन करून तेवढा आकडा सांगा. ईयूएस की थेट ईआरसीपी, हे मग त्या आकड्यावरून ते फोनवरच ठरवतील.